घासून गेलेला नंबर

माझ्या शर्टाच्या खिशात कायम एक बुटकी पेन्सिल असते. टोक न काढलेली. तिनं मी लिहीत नाही. लिहिण्याचं आणि माझं तसं जमलंच नाही. चौथीत दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा उठलो. हा मजकूर मात्र माझा मी लिहिलाय. सूनबाईनं काना-मात्रा तपासल्या, बाकी मी तिला एका शब्दाला हात लावू दिला नाही. ती म्हणाली, "आप्पा, दिवाळी अंकात असं बोलल्यासारखं लिहीत नाहीत." म्हटलं, मग मला कशाला विचारलं त्यांनी?

मी दिघीचा. उभा जन्म आरटीओचा एजंट म्हणून गेला. एजंट म्हटलं की लोकांचं तोंड कडू होतं, ठाऊक आहे मला. पण कंपनीत खोलीएवढं मशीन एकट्यानं चालवणारा माणूस आमच्या खिडकीपुढं आला की त्याला बापाचं नाव आठवत नाही. फॉर्म उलटा धरतो. तिथं माझ्यासारखा लागतो. एक टेबल, दोन खुर्च्या, वर पत्रा, एवढ्यावर मी गाड्यांची पासिंगं, नावं बदलणं आणि विमे केले.

आता पेन्सिलीचं सांगतो. प्रत्येक गाडीच्या सांगाड्यावर, म्हणजे चेसिसवर, बनवणारी कंपनी एक सतरा अक्षरा-आकड्यांचा नंबर ठोकते. पोलादी ठशानं, लोखंडात. रंग बदलतो, मालक बदलतो, इंजिनसुद्धा बदलतं, तो नंबर बदलत नाही. पासिंगला आणि विम्याला त्याचा ठसा लागतो. नंबरवर पातळ कागद ठेवायचा आणि पेन्सिल आडवी फिरवायची. बाजू काळी होते, आकडे पांढरे उठतात. ऐकायला सोपं वाटतं. एकदा गाडीखाली पाठीवर झोपा, डोळ्यांत माती पडू द्या आणि एका हातानं कागद ताणून धरा, मग सांगा. कागद सुताएवढा सरकला तरी तिनाचा आठ होतो. माझा ठसा कुठल्याही साहेबानं कधी परत पाठवला नाही. हे मी बढाई म्हणून सांगतोय, दुसरं काही म्हणून नाही.

एकदा एक गृहस्थ ठसा घरूनच घेऊन आले. वहीचा छान कागद, खाली तारीख, सही. मी वाचला. म्हटलं, "साहेब, हा टायरचा नंबर हाय." ते म्हणाले, "गाडीचाच टायर आहे की." अशा लोकांत दिवस जायचा. हल्ली फोनवर फोटो काढतात. तरी फोटो अस्पष्ट आला की हाक मारतात, "आप्पा, या जरा."

गायके असेच हाक मारत आले.

माणिकराव गायके लातूरकडचे. आकुर्डीच्या एका कारखान्यात तीस वर्षं ग्राइंडिंगवर होते. लोखंडाचा तुकडा फिरत्या दगडाखाली धरायचा आणि केसाच्या दहाव्या भागाएवढा घासून तिथंच थांबायचं, हे त्यांचं काम. बोलायला कमी. बोटं अशी की चिमटीत कागद धरला तरी तो किती जाड हे सांगतील. निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली.

"आप्पा, गाडीचा विमा काढायचाय," ते म्हणाले. "शाळेची जुनी व्हॅन आहे. पण आत आता शाळा नाही."

"मग काय हाय?"

"घर आहे."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. मग कळलं. त्यांच्या मंडळींचे, सुमनवहिनींचे, दोन्ही गुडघे बदललेले. उकिडवं बसता येत नाही. आपल्याकडं रस्त्यानं जाताना बाप्यांचं काय, कुठंही गाडी थांबवली की झालं. बाईमाणसानं काय करायचं? आणि तिला खाली बसताच येत नसलं तर? त्यामुळं वहिनींनी घर सोडलंच नव्हतं. लेक चंद्रपूरला दिलेली. लेक यायची, ह्या कधी गेल्या नव्हत्या. लेकीचा संसार कसा मांडलाय, ओटा कुठल्या बाजूला आहे, नातू झोपतो कुठं, हे फोनवर बघितलेलं तेवढंच. म्हणून गायक्यांनी महाळुंग्याला एका ओळखीच्या शेडमध्ये ती व्हॅन उभी केली आणि दोन वर्षं एकट्यानं तिच्यात घर बांधलं.

मी बघायला गेलो. आयुष्यात हजारो गाड्यांत डोकावलोय, पण त्या व्हॅनच्या दारात मी चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. पायरी एवढी खाली की लहान मूल चढेल. ती वहिनींच्या गुडघ्याला विचारून बसवलेली. चढल्यावर उजव्या हाताला दांडी, नेमकी जिथं हात जाईल तिथं. मागं पलंग, मधे छोटा ओटा, आणि दाराशेजारी बंद होणारी संडासची खोली. कमोडची उंची त्यांनी घरातल्या खुर्च्या मोजून ठरवली होती. कुठल्याही कोपऱ्यावरून हात फिरवा, एक कड बोटाला लागेल तर शपथ.

"झाली गाडी," गायके म्हणाले. "आता विमा काढला की निघायचं."

मी म्हटलं, "भाऊ, आता खरी गाडी सुरू झाली."

बाहेरच्या माणसाला हे माहीत नसतं, म्हणून सांगतो. गाडीच्या आरसीवर जे लिहिलंय तीच गाडी. आरसीवर लिहिलं होतं शाळेची बस. आत पलंग. अशा गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनी म्हणणार, आम्ही बसचा विमा काढला होता, ही कोण? म्हणून आधी आरटीओची परवानगी, मग तपासणी, मग आरसीवर नवीन वर्णन. पण आरटीओ तपासणीला गाडी आणायची तर विमा चालू पाहिजे. आणि विमावाले म्हणतात, आधी आरसी बदलून आणा. हा फेरा तोडायला मी एक वाट काढतो. विमा कंपनीकडून गाडी बघून घ्यायची, काय काय बदललं ते सगळं कागदावर सांगून टाकायचं, जुन्या वर्णनावर विमा घ्यायचा आणि आरसी बदलली की पॉलिसीतही बदल करून घ्यायचा. काही लपवायचं नाही. लपवलं की दाव्याच्या वेळी ते सगळ्यात आधी वर येतं.

दोन कंपन्यांनी फोनवरच वाटेला लावलं. एकीनं विचारलं, मुलं किती बसतात? दुसरी म्हणाली, घर असेल तर घराचा विमा काढा. तिसरीनं माणूस पाठवतो म्हणून सांगितलं, आणि त्याआधी वजनाची पावती मागितली. महाळुंग्याच्या काट्यावर गाडी चढवली तर वहिनी आतून उतरेनात. काटेवाला ओरडला, "आजी, उतरा, गाडीचं वजन करायचंय!" आतून आवाज आला, "मी गाडीतच राहणार आहे बाबा, मला धरूनच मोज." मागं कंटेनरची रांग लागली होती. सगळ्यांनी हॉर्न थांबवून ऐकलं.

आता माझी चूक. तपासणीच्या आठ दिवस आधी मी गायक्यांना म्हणालो, "खालनं गंज काढून घ्या. जुनी गाडी हाय, खाली गंज दिसला की बघणाऱ्याचं मन फिरतं." दर गिऱ्हाइकाला मी पुढं आणखी एक वाक्य सांगतो: नंबर कुठं आहे तो आधी शोधा आणि त्यावर चिकटपट्टी लावा. गायक्यांना ते सांगितलं नाही. म्हटलं, तीस वर्षांचा कंपनीतला माणूस, त्याला काय शिकवायचं? एवढं एक वाक्य मी गिळलं.

तपासणीला विमा कंपनीकडून देशमाने मॅडम आल्या. वय तिशीच्या आत, डोक्यावर हेल्मेट, हातात टेप. मला वाटलं, ही काय गाडीखाली बघणार. त्यांनी वायरींपासून सुरुवात केली. गायक्यांनी प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधली होती, कुठून आली, कुठं चालली. गॅसची टाकी नाही, विजेची शेगडी. आग विझवायचा डबा दाराशीच. मॅडम संडासच्या खोलीत जाऊन दांडी धरून उठून-बसून आल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "काका, मी ह्याच्यापेक्षा ढिसाळ बंगले बघितलेत." वहिनींनी तोंडाला पदर लावला.

"चला," मॅडम म्हणाल्या, "चेसिस नंबर."

मी कागद-पेन्सिल घेऊन खाली सरकलो. सांगाड्याचा उजव्या बाजूचा लांब दांडा, पुढच्या चाकाच्या मागं. तिथंच असतो. काळा रंग लावलेला, झकास. हात फिरवला. गुळगुळीत. पुढं फिरवला, मागं फिरवला. चाळीस वर्षं त्या जागी माझ्या बोटाला आकडे लागत आले. त्या दिवशी मांजराच्या पाठीवरून हात फिरावा तसा सरळ फिरला.

"गायके," मी खालूनच विचारलं, "हितं तुमी काय केलं?"

"गंज काढला," ते म्हणाले. "डांबरासारखं काहीतरी थापलं होतं आधीच्या मालकानं. ते काढलं, मग दांडा पुढून मागंपर्यंत एका पातळीत आणला. खड्डे होते मधेमधे." आणि जरा खुशीत, "आरशासारखा झाला होता, आप्पा. रंग लावायला जीव होत नव्हता."

मी बाहेर आलो. माझं तोंड बघून त्यांना कळलं. ते खड्डे कसले होते हे त्यांना माझ्या तोंडावर वाचता आलं. मुद्दाम सांगतो, त्या माणसाचा त्या वेळचा चेहरा मी पुन्हा बघू इच्छित नाही. डब्यात जपून ठेवलेली, तोच नंबर कोरलेली पत्र्याची पट्टी ते धावत घेऊन आले. दाराजवळची ती पट्टी रंगासाठी त्यांनीच रिव्हेट काढून उतरवली होती. मॅडमनी हातात घेतली, परत दिली. सुटी पट्टी कुणाच्याही खिशात मावते, तिला कोण विचारतं?

"काका, चेसिस नंबर घासलेली गाडी म्हणजे काय समजतात, तुम्हाला माहीत आहे," मॅडम मला म्हणाल्या.

"चोरीची."

"मी 'नंबर बघितला' असं लिहू शकत नाही. 'चोरीची' असंही लिहीत नाही. फाईल थांबवून ठेवते. मार्ग काढा." हेल्मेट घालता घालता वहिनींकडं बघून म्हणाल्या, "बाकी सगळं मी चांगलं लिहिलंय, काकू."

त्या गेल्या. शेडमध्ये आम्ही तिघं उरलो. गायके पायरीवर बसून हाताचे तळवे बघत होते. मग मी जे बोललो ते छापायला मुलगा नको म्हणतो. मी छापणार.

मी म्हटलं, "एवढं काय घाबरता. नंबर आपल्याला माहीत हाय, आरसीवर हाय. एक माणूस हाय ओळखीचा, तसेच ठसे हायेत त्याच्याकडं. हुबेहूब ठोकून देतो. मॅडमला सांगू, रंगाखाली होता, सापडला."

वहिनी बोलल्या.

"गाडी चोरीची आहे का आप्पा?"

"न्हाई."

"मग चोरासारखं कामून करायचं? उद्या चंद्रपूरला लेकीच्या दारात गाडी उभी राहील. जावई विचारील, मामी, कशी आणली? मी काय सांगू, लपवून आणली?" मग नवऱ्याकडं वळून, "आणि तुम्ही उठा. दोन वर्षं बांधली तेव्हा नाही बसलात असे."

मी हट्टी माणूस आहे. माझं म्हणणं कुणी खोडलं तर मला दिवसभर जेवण जात नाही. पण त्या बाईपुढं मी हट्ट सोडला. चला म्हटलं, सरळ वाटेनं जाऊ.

सरळ वाट म्हणजे पहिली पोलीस चौकी. हवालदारानं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे गाडी तुमची. नंबर तुम्हीच घालवला. आणि खबर द्यायलाही तुम्हीच आलात?"

"व्हय," मी म्हटलं.

"पहिल्यांदाच बघतोय राव असं. बसा, चहा सांगतो." त्यांनी चोरीच्या गाड्यांच्या यादीत नंबर तपासला, नव्हता. तसं पत्र दिलं.

पत्र घेऊन आरटीओच्या साहेबांकडं. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला. "आप्पा, तुम्ही इतक्या वर्षांचे. तुम्हाला खोटं सांगणार नाही. सरकारी प्रयोगशाळेला लिहितो. त्यांचा माणूस येऊन बघेल, घासलेला नंबर परत उठतो का. उठला, तर मी पुन्हा ठोकायचा हुकूम देतो. नाही उठला, तर कागदावर ही गाडी कुणाचीच नाही. रस्त्यावर आली की जप्त."

"घासलेला नंबर उठतो?" मी विचारलं. मला वाटलं साहेब समजूत घालतायत.

"कधी कधी," ते म्हणाले.

मधले दिवस वाईट गेले. गायके शेडकडं फिरकेनात. वहिनी मात्र रिक्षा करून यायच्या, गाडीत चढायच्या, ओटा पुसायच्या, संडासची खोली पुसायच्या आणि दार लावून परत जायच्या. एकदाही न वापरलेली खोली त्या रोज पुसत होत्या. मी दोनदा तिथं होतो. दोन्ही वेळा मला बाहेर जावंसं वाटलं.

शेवटी प्रयोगशाळेचे साहेब आले. किरकोळ अंगाचे, हाफ शर्ट, हातात लाकडी पेटी. आरटीओचे एक जण आणि पोलीस बरोबर. मी आरसी पुढं केली तर त्यांनी हात मागं घेतला. "नंबर मला सांगू नका. दाखवूही नका. मला आधीच माहीत असला तर मला तोच दिसेल."

हे वाक्य मी घरी येऊन दहादा म्हटलं.

त्यांनी गाडीखाली सतरंजी अंथरली आणि आडवे झाले. बत्ती लावली. काळा रंग काढला. खालचं लोखंड उघडं पडलं, चकचकीत. त्यांनी भिंग लावून बराच वेळ नुसतं बघितलं.

"हे कुणी घासलं?"

गायक्यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"एका दिशेनं घासलंय सगळं. एक ओरखडा वाकडा नाही. नंबर चोरणारा त्या जागेवरच तुटून पडतो, खोल खड्डा करतो. तुम्ही तर अख्खा दांडा सारखा केलाय." मग विचारलं, "किती काढलं असेल?"

"खड्डा जाईपर्यंत," गायके म्हणाले. "गेला की थांबलो. जास्त घासायची सवय नाही."

"बघू," साहेब म्हणाले.

पेटीतून काचेची बाटली काढली. आत हिरवट पाणी, तिखट वासाचं. काडीला कापूस गुंडाळून त्यात बुडवला आणि लोखंडावर हळूहळू फिरवायला लागले. आई लहान पोराच्या डोळ्याला औषध लावते तसं. फिरवायचं, पुसायचं, बत्ती तिरपी धरून बघायचं, पुन्हा फिरवायचं. बाहेर रस्त्यावरून कंटेनर जात होते, शेडचा पत्रा थरथरत होता. लोखंड काळपट झालं, मग करडं, मग पुन्हा चकचकीत. काही नाही. दहा मिनिटं झाली. पोलीस बाहेर जाऊन आला. वहिनी खुर्चीवर बसून गाडीकडं बघत होत्या, देवळात बसतात तशा.

मी साहेबांच्या शेजारी, मान वाकडी करून. आकडा वाचायची माझ्या डोळ्यांना सवय. मला आधी एक सावली दिसली. वाटलं माझ्याच डोक्याची. मी डोकं हलवलं. सावली हलली नाही.

"साहेब, सा—"

"बोलू नका!" ते ओरडले. "कागदावर लिहा. मला दाखवू नका."

मी त्याच बुटक्या पेन्सिलीनं कागदावर लिहिलं. सात.

आणि मग ते यायला लागले. कसं सांगू? तांदळात ओंजळभर पाणी टाकल्यावर खालून बुडबुडे येतात तसं म्हणू? नाही, तसंही नाही. गुळगुळीत लोखंड होतं, माझ्या बोटांनी तपासलेलं, तिथं काहीही नव्हतं. आणि त्यातून एक आकडा आला, धुरासारखा. मग पुसट झाला, गेला. साहेबांनी पुन्हा कापूस फिरवला, पुन्हा आला, या वेळी त्याच्या शेजारी दुसरा. मग इंग्रजी अक्षर. त्यांनी फोटो काढले, कागदावर लिहिलं. मीही लिहिलं.

सतरातले पंधरा आले. दोन नाही आले, तिथं आधीच गंजानं खाल्लं होतं. साहेबांनी त्यांचा कागद आरटीओवाल्यांना दिला, मी माझा. मग आरसी उघडली. पंधराच्या पंधरा तेच. दोन्ही कागदांवर. इंजिनाचा नंबर शाबूत होताच, पट्टी होती, पोलिसांचं पत्र होतं. "पुरेसं आहे," साहेब म्हणाले.

मी विचारलं, "साहेब, हे आलं कुठनं?"

ते पेटी आवरत होते. अडाण्याला समजेल असं सांगितलं, त्यांचे उपकार. कंपनीत पोलादी ठसा जेव्हा लोखंडावर बसतो तेव्हा वर खड्डा पडतो तो पडतोच, पण त्याच्या खालचं लोखंडही दाबलं जातं, आत, खोलवर. वरचा खड्डा घासून टाकला तरी ते दाबलेलं लोखंड तसंच राहतं. डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. ह्या पाण्याला मात्र कळतं. दाबलेली जागा ते वेगळ्या वेगानं खातं.

"अजून थोडं घासलं असतं तर तेही गेलं असतं," ते गायक्यांना म्हणाले. "तुम्ही बरोबर थांबलात."

गायके लोखंडाकडं बघत होते. म्हणाले, "तीस वर्षं घासतोय, साहेब. खाली काय राहतं हे कुणी कधी दाखवलं नाही." आणि त्यांनी त्या आकड्यांवर बोट टेकवलं नाही. नुसतं जवळ नेलं.

त्या दिवसापासून माझी एक गोष्ट बिघडली. मी म्हणालो ना, एक माणूस आहे ओळखीचा. ती ओळख कशी झाली, तेही सांगून टाकतो. तरुणपणी एका जीपचा नंबर मी त्याच्याकडून ठोकून घेतला होता. गिऱ्हाईक म्हणालं, गंजून गेला. मी खरं मानलं. नाही, खरं मानायचं ठरवलं. ठसा सुरेख आला होता, साहेबानं शाबासकी दिली होती. आता वाटतं, त्या जीपच्या दांड्यात माझ्या नंबराखाली दुसरा नंबर असेल. कुणाच्या तरी दारातून गेलेल्या गाडीचा. इतकी वर्षं तिथं पडून, कुणी हिरवं पाणी घेऊन येईल का म्हणून. ती जीप भंगारात गेली असेल, वितळली असेल. तरी रस्त्यानं जुनी जीप दिसली की मी तिच्या उजव्या दांड्याकडं बघतो. काय करणार बघून? पण बघतो.

पुढचं भराभर झालं. आरटीओचा हुकूम आला, त्यांच्यासमोर नंबर पुन्हा ठोकला, शेजारी त्यांची खूण. देशमाने मॅडम परत आल्या. मी ठसा घेऊन दिला, आणि त्यांनी फोनवर फोटो काढायच्या आधी तो ठसा बराच वेळ बघितला. "काका, हा मी माझ्याकडं ठेवू?" मी म्हटलं, दुसरा काढतो, हा ठेवा. थांबवलेली फाईल सुटली. विमा आला, मग आरटीओची तपासणी, मग आरसी, मग पॉलिसीवर बदल. ती पॉलिसी मी स्वतः महाळुंग्याला नेऊन दिली. वाहनाचा प्रकार: कॅम्पर व्हॅन, खासगी वापर. गायक्यांनी तीनदा वाचली. वहिनींनी मला वाचायला लावली. चौथीत बसून-उठलेल्या माणसाकडून मोठ्यानं वाचून घेतली, आणि मी एकही शब्द चुकलो नाही.

ते सोमवारी निघाले. मंगळवारी दुपारी माझा फोन वाजला. वहिनी. मागून वाऱ्याचा आवाज. म्हटलं पोलिसांनी अडवलं, नाहीतर काहीतरी बंद पडलं.

"काय झालं वहिनी? कुठं हायात?"

"जालन्याच्या पुढं आलोय. झाडाखाली थांबलोय. काही झालं नाही, आप्पा."

"मग?"

मग त्या हसत म्हणाल्या, "काही नाही. आज वाटेत मी तांब्याभर पाणी प्याले. तहान लागली होती, प्याले. पुन्हा लागली, पुन्हा प्याले. कुणाला तरी सांगावंसं वाटलं."